मावशीच्या पोटात

आगबोटीचं खरं नाव मार्शनेस.
जिभेवर बसेना, म्हणून खलाशांनी तिची मावशी केली
आणि आमच्या माझगावच्या खोलीत ती नात्यातलीच झाली.
मावशी बुधवारी सुटते, भरतीला.
मावशी आता एडनला पोचली असेल.
आई पोळपाट पुसत म्हणायची,
तिच्याकडंच जेवा म्हणावं.

बाबा मावशीच्या पोटात कपडे धूत.
पाण्याच्या रेघेखाली दोन मजले,
खिडकी नाही. वाफेचा पाटा, खळीचं पातेलं,
दिवसाला सहाशे चादरी.
तांबड्या समुद्रातून अठरा वेळा गेला हा माणूस,
एकदाही त्याला बघितलं नाही.
मी विचारलं, खरंच तांबडा असतो?
म्हणाले, गरम असतो.

बॅलार्ड पिअरवर बँड वाजायचा, कागदी फिती उडायच्या,
तोवर बाबा कधीच आत गेलेले असत,
पहाटे, दुसऱ्या फाटकातून, पत्र्याची ट्रंक खांद्यावर.
मी कुणालाही हात हलवायची.
वरच्या डेकवरची टोपीवाली मड्डम उलट हात हलवायची.
हलव, हलव, आई म्हणायची,
तिच्या चादरी तुझा बापच धुणाराय.

उतारूंची तोंडं त्यांनी पाहिली नाहीत.
कोपऱ्यात लाल दोऱ्यानं केबिनचा नंबर,
त्यावरून ओळखायचे.
नव्वद नंबर, नवं लग्न:
एक पलंग चुरगळलेला, दुसऱ्याची घडीही मोडलेली नाही.
बारा नंबरचा कर्नल: छातीवर रोज रस्सा,
पण कॉलरला खळ कमी पडली की चिठ्ठी.
वादळात मात्र पहिला वर्ग, तिसरा वर्ग,
सगळ्यांचा वास एकच.
आणि सत्तेचाळीस.
तिचा अभ्रा रोज ओला यायचा, एकाच बाजूला.
पोर्ट सैदनंतर कोरडा.
उतरली, का रडू संपलं, कळलंच नाही गं,
बाबा भात कालवत म्हणायचे,
आणि घास तसाच राहायचा.

आई गेली तेव्हा मावशी सुवेझच्या तोंडाशी होती.
तार बोटीवर त्याच दिवशी पोचली.
वरून खाली यायला तिला चार दिवस लागले.

शेजारची काशीबाय दारात बसून म्हणाली,
माय मरो...
आणि माझ्याकडे बघून जीभ चावली.

बाबा आले. ट्रंकेतून बोटीचा शिक्का असलेला साबण काढला,
फळीवर ठेवला, आईच्या फणीशेजारी.
मग तिचं हिरवं लुगडं भिजवलं.
खळ केली. कोळशाची इस्त्री फुंकून फुंकून तापवली.
नऊ वारांची घडी, पहिल्या वर्गाची,
टोकाला टोक.
आणि किती तरी वेळ कोपरा चाचपत राहिले.
नंबर नव्हता.

पुढं मावशीही विकली गेली, वजनावर.
आली दारूखान्यातच, उधाणाच्या भरतीला, चिखलात तोंड खुपसून.
खोलीपासून दहा मिनिटांच्या वाटेवर.
बाबा गेले नाहीत. म्हणाले, गुडघा धरलाय.
मी गेले.
गॅसच्या ज्योतीनं तिची कूस उघडली होती
आणि आत, अगदी खाली, एका पाट्यावर
ऊन पडलं होतं.

पितळी नंबरांची टोपली भंगारवाल्यापुढे होती.
सत्तेचाळीस शोधला. सगळी उलथीपालथी केली.
तो म्हणाला, बाई, नंबर बघू नका, किलोचा भाव बघा.
शेवटी हाताला आला तो घेतला: एकशे बारा.
कोण होतं तिथे, बाबांना आठवेना.
साधी माणसं असणार, म्हणाले, डागच नसणार.

तो आमच्या दाराला ठोकलाय.
चाळीत खोल्या नऊ.
नवा पोस्टमन आला की चष्मा वर करून विचारतो,
बाकीच्या कुठं गेल्या?